गाभणपणातलं इन्फेक्शन आणि पोटातल्या पिल्लाची फुफ्फुसं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात जनावरांची प्रॅक्टिस करते. घोडबंदरच्या सोसायट्यांमधली कुत्री-मांजरं, येऊरच्या पाड्यांवरच्या शेळ्या, आणि कल्याण-भिवंडीकडच्या तबेल्यांतल्या म्हशी, असं सगळं मिक्स काम असतं. "डॉक्टर, दिवस भरायच्या आधीच पिल्लू पडलं, असं का झालं?" हा प्रश्न इतक्या वेळा येतो आणि फोनवर दोन मिनिटांत इतकं अर्धवट उत्तर देता येतं की एकदा नीट बसून लिहायचं ठरवलं. फुफ्फुसांवर जास्त लिहिलंय, कारण पिल्लू जगणार की नाही हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं, आणि नेमकं त्याबद्दल लोकांना कोणी काही सांगत नाही.

पोटातलं पिल्लू श्वास तर घेत नाही, मग इन्फेक्शन त्याच्या फुफ्फुसात जातंच कसं?

श्वास घेत नाही हे अर्धंच खरं आहे. हवा नसते, पण छाती हलत असते. पोटातलं पिल्लू श्वासाची प्रॅक्टिस करत असतं, सोनोग्राफीवर ते दिसतं सुद्धा. त्याच्या फुफ्फुसात पाणी भरलेलं असतं, हे पाणी फुफ्फुस स्वतःच तयार करतं आणि ते थोडं थोडं बाहेर गर्भजलात येत राहतं, पिल्लू काही गिळतं, आणि छातीच्या हालचालीबरोबर थोडं गर्भजल श्वासनळीत आतही जातं. म्हणजे गर्भजलात जे काही मिसळलंय ते पिल्लाच्या फुफ्फुसाला, आतड्याला आणि कातडीला थेट लागतं.

आता गर्भजलापर्यंत जंतू येतात ते दोन रस्त्यांनी. एक म्हणजे खालून, योनीमार्गातून गर्भाशयाच्या तोंडातून वर चढत, घोडीमध्ये हा प्रकार जास्त. दुसरा रस्ता रक्तातून, म्हणजे आईने खाल्लं, प्यायलं, हुंगलं त्यातून जंतू रक्तात आले आणि वारेत, म्हणजे आईला आणि पिल्लाला जोडणाऱ्या प्लेसेंटात, जाऊन बसले. गाई-म्हशींमध्ये ब्रुसेला हा गर्भपात करणारा जंतू असाच येतो. त्यांच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक साखर असते, ती या जंतूला भयंकर आवडते, म्हणून तो बाकी अंग सोडून तिथेच वाढतो.

मेंढ्यांवर एक प्रयोग झालेला आहे, त्यात ऑपरेशन करून पिल्लाची श्वासनळी गर्भजलापासून वेगळी केली आणि मग जंतूंचं विष आत सोडलं. इन्फेक्शनमुळे जे बदल फुफ्फुसात दिसतात (ते पुढे सांगते) ते विष श्वासमार्गाला थेट लागलं तरच दिसले. आईच्या तापामुळे वगैरे होतंय असं नाही, फुफ्फुसाला ते डायरेक्ट लागतं.

फुफ्फुस नेमकं कधी तयार होतं?

जवळजवळ सगळ्यात शेवटी. आधी झाडासारख्या फांद्या फुटतात, मग त्या नळ्यांच्या टोकाशी पातळ भिंतीच्या पिशव्या होतात, त्यांच्याभोवती केशवाहिन्या येतात, आणि सगळ्यात शेवटी त्या पिशव्यांमध्ये आडव्या भिंती उठून बारीक वायुकोश तयार होतात. शेळी-मेंढी साधारण १५० दिवसांनी विते, गाय २८० च्या आसपास, म्हैस ३१० च्या आसपास, कुत्री ६३. कोकराचे वायुकोश साधारण १२० व्या दिवसानंतर व्हायला लागतात आणि जन्मापर्यंत बरेचसे झालेले असतात. कुत्र्याच्या पिल्लाचे मात्र जन्मानंतर होतात.

याच शेवटच्या टप्प्यात फुफ्फुसातल्या टाईप टू पेशी सर्फॅक्टंट बनवायला लागतात. सर्फॅक्टंट म्हणजे साबणासारखा एक स्निग्ध थर, बहुतेक चरबी आणि थोडी प्रोटीनं. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीचे दोन पदर कसे एकमेकांना चिकटून बसतात आणि उघडता उघडत नाहीत, तसे वायुकोश पहिल्या श्वासानंतर परत चिकटू नयेत म्हणून हा थर लागतो. तो नसला की पिल्लू प्रत्येक श्वासाला पहिल्या श्वासाइतकी ताकद लावतं आणि थकून मरतं. माणसाच्या वेळेआधी जन्मलेल्या बाळांत हेच होतं हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं, त्याआधी ही बाळं का जातात हेच नीट कळत नव्हतं.

मग इन्फेक्शनमुळे फुफ्फुसात काय बिघडतं?

पहिली गोष्ट, साधा न्यूमोनिया. गाभडलेल्या, म्हणजे दिवस भरायच्या आधी पडलेल्या, वासराचं पोस्टमॉर्टेम केलं की ब्रुसेला असेल तर बऱ्याचदा फुफ्फुस घट्ट, जड लागतं, आत पांढऱ्या पेशी भरलेल्या. जन्मालाच न आलेल्या जिवाला न्यूमोनिया, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण पॅथॉलॉजीच्या टेबलावर ही नेहमीची गोष्ट आहे. बुरशी आलेल्या चाऱ्यातला बॅसिलस लायकेनिफॉर्मिस, तसंच ट्रूपेरेला पायोजिनीस, हे पण असंच करतात.

दुसरी गोष्ट जास्त लपलेली. पिल्लू मरत नाही, जंतूही फार नसतात, पण सूज असते. गर्भजलात आलेल्या जंतूंच्या तुकड्यांमुळे फुफ्फुसातल्या पेशी इंटरल्यूकिन-वन वगैरे सूज पेटवणारे केमिकल सोडतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि जे फुफ्फुस त्या वेळी बांधकामात असतं त्याचा प्लॅनच बदलतो. आडव्या भिंती उठायच्या त्या कमी उठतात, म्हणजे वायुकोश संख्येने कमी आणि आकाराने मोठे राहतात. लवचिक तंतू जिथे यायला हवे तिथे नीट येत नाहीत. फुफ्फुसातल्या छोट्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. मेंढ्यांवरच्या अभ्यासात हे सगळं पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच प्रयोगांत जिवंत जंतू वापरलेच नव्हते, फक्त ई. कोलाय या जंतूच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन हे विष वापरलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे अँटिबायोटिकच्या प्रश्नात परत लागेल.

आणि बाहेरून लक्षण नसतं म्हणजे आत काही नाही असंही नाही. माकडांवर केलेल्या एका अभ्यासात ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस हे जंतू वारेच्या आवरणाजवळ सोडले होते, गर्भजलात जंतू सापडले नाहीत, कळाही आल्या नाहीत, तरी पिल्लाच्या फुफ्फुसाला इजा झालेली होती.

मी वाचलं की इन्फेक्शनमुळे फुफ्फुस उलट लवकर तयार होतं. मग ते चांगलंच नाही का?

हा प्रश्न नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या मुलीने विचारला होता आणि मला तो फार आवडला, कारण वाचलेलं खरं आहे आणि निष्कर्ष चुकीचा आहे.

गोष्ट मागून सुरू करू. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ग्रॅहम लिगिन्स नावाचे डॉक्टर होते, ते मेंढी विते कशी, कळा सुरू कोण करतं याचा अभ्यास करत होते. पोटातल्या कोकराला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं की मेंढी लवकर विते हे त्यांना दिसलं. पण त्याबरोबर हेही दिसलं की इतक्या लवकर जन्मलेलं कोकरू, जे खरं तर श्वासाअभावी लगेच जायला हवं होतं, त्याच्या फुफ्फुसात हवा शिरलेली होती. हे १९६९ मध्ये छापलं गेलं. १९७२ मध्ये त्यांनी आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हाउवी यांनी गरोदर बायकांवरच्या ट्रायलचे रिझल्ट दिले, आणि आज वेळेआधी कळा आलेल्या आईला जे स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात त्याची सुरुवात तिथून आहे. एका कोकरामुळे जगभरातली किती बाळं वाचली असतील याचा विचार केला की मला खरंच भरून येतं.

त्यानंतर दिसलं की सूजसुद्धा असंच करते. सशाच्या पोटातल्या पिल्लांना इंटरल्यूकिन-वन दिलं, मेंढीच्या गर्भजलात एंडोटॉक्सिन सोडलं, आणि साधारण आठवड्याभरात सर्फॅक्टंट वाढलं, फुफ्फुस जास्त हवा धरायला लागलं. ॲलन जोब आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांवर हे वर्षानुवर्षं केलंय. घोडीचं पण तसंच, वारेला खूप दिवस सूज राहिलेली असेल तर वेळेआधी जन्मलेलं शिंगरू अपेक्षेपेक्षा जास्त पक्व निघतं, अचानक पोटातून काढलेल्या शिंगरापेक्षा त्याची जगण्याची शक्यता बरी असते. निसर्ग जणू म्हणतो की आत राहणं धोक्याचं आहे, लवकर निघायची तयारी कर.

पण किंमत काय ते बघा. सर्फॅक्टंट आलं, पण वायुकोश व्हायचे राहिले. त्याच मेंढ्यांच्या त्याच फुफ्फुसांत वायुकोश कमी आणि रक्तवाहिन्या जाड. माणसांच्या बाळांत १९९६ मध्ये नवजात बाळांच्या डॉक्टर क्रिस्टी वॉटरबर्ग यांनी हेच मांडलं, की आईच्या गर्भावरणाला सूज असेल तर बाळाला जन्मल्या जन्मल्या होणारा श्वासाचा त्रास कमी, पण पुढे रेंगाळणारा फुफ्फुसाचा आजार जास्त. त्यामुळे कोणी "लवकर झालं तरी श्वास तर घेतंय ना" म्हणालं की मी म्हणते घेतंय, चांगलंय, पण त्याच्यावर लक्ष ठेवा, ते फुफ्फुस घाईत बांधलेलं आहे.

सगळे प्रयोग मेंढीवरच का? उंदीर स्वस्त नाही का?

उंदीर स्वस्तच आहे आणि वापरतातही. पण उंदराचं पिल्लू १९-२० दिवसांत जन्मतं आणि तेव्हा त्याच्या फुफ्फुसात खरे वायुकोश झालेलेच नसतात, ते जन्मानंतर चार-पाच दिवसांनी सुरू होतात. मेंढीचे पोटातच होतात, एक-दोनच कोकरं असतात, कोकराचं वजन माणसाच्या बाळाच्या जवळ जातं, त्यामुळे नळी घालणं, रक्त घेणं, व्हेंटिलेटर लावणं हे सगळं जमतं. उंदीर कामाला येतो तो जीन्सच्या अभ्यासात. एक मजेशीर गोष्ट उंदरातूनच आली, २००४ मध्ये एका गटाने दाखवलं की पिल्लाचं फुफ्फुस तयार झालं की त्यातून एसपी-ए हे सर्फॅक्टंटमधलं प्रोटीन गर्भजलात येतं आणि तेच आईच्या गर्भाशयाला वीण सुरू करायचा निरोप देतं. म्हणजे कधी जन्मायचं हे काही अंशी फुफ्फुस ठरवतं. मेंढीत हा निरोप जास्त करून पिल्लाच्या कॉर्टिसॉलमधून, म्हणजे त्याच्या शरीरात बनणाऱ्या स्टेरॉइडमधून जातो, त्यामुळे एका प्राण्यातलं दुसऱ्यात जसंच्या तसं चिकटवू नका.

आपल्या भागात कुठल्या जंतूंची काळजी करायची?

गाई-म्हशींत पहिलं नाव ब्रुसेला ॲबॉर्टस, यालाच सांसर्गिक गर्भपात म्हणतात. पाचव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते, आणि पुढच्या वेळी कदाचित पूर्ण दिवस भरून विते पण जंतू दुधातून आणि स्रावातून टाकतच राहते. तबेल्यात बाहेरून नवीन म्हैस आणली, टेस्ट केली नाही आणि चार महिन्यांनी शेजारच्या दोन गाभडल्या, ही कथा मी इतक्या तोंडून ऐकलीय की आता खरेदीआधी टेस्ट करा हे पहिलं वाक्य असतं माझं.

दुसरा लेप्टोस्पायरा, आणि ठाणे-मुंबईच्या लोकांना याबद्दल सांगायला लागू नये. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर माणसांत लेप्टो किती पसरला ते आपण पाहिलंय. उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो, साचलेल्या पाण्यातून कातडीच्या जखमेवाटे, तोंडावाटे जनावरात जातो. गाभण जनावरात मूत्रपिंडात आणि गर्भाशयात बसतो, शेवटच्या महिन्यांत गाभडणं, किंवा अशक्त पिल्लू. दूध अचानक कमी होणं हे कधी कधी एकच लक्षण असतं.

शेळ्या-मेंढ्यांत क्लॅमिडिया ॲबॉर्टस, कॉक्सिएला म्हणजे क्यू फीवरवाला, आणि लिस्टेरिया. लिस्टेरिया नीट न मुरलेल्या किंवा सडक्या मुरघासातून येतो. कॅम्पायलोबॅक्टरची एक जात वळूकडून गाईला नैसर्गिक रेतनातून जाते, त्यातही गाभडलेल्या वासरात न्यूमोनिया सापडतो. टॉक्सोप्लाझ्मा आणि निओस्पोरा पण गाभडवतात पण ते परजीवी आहेत, जंतू नाहीत, औषधं वेगळी, म्हणून टेस्टशिवाय अंदाज नको.

आई तर ठणठणीत आहे, खातेय, दूध देतेय. मग पिल्लूच का गेलं?

कारण वार हा आईचा आणि पिल्लाचा मधला भाग आहे आणि आईची प्रतिकारशक्ती तिथे मुद्दाम सौम्य राहते, नाहीतर तिचंच शरीर पिल्लाला परकं समजून बाहेर टाकेल. जंतूंना अशी जागा सोयीची. आईच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात, ती सावरते, पण गाय, म्हैस, शेळी यांच्या वारेतून अँटिबॉडी पिल्लाकडे जातच नाहीत. पिल्लू पूर्ण एकटं असतं तिथे. आईला ताप नव्हता म्हणजे इन्फेक्शन नव्हतं असं धरून चालू नका.

आमच्या कुत्रीने पन्नासाव्या दिवशी मेलेली पिल्लं टाकली. पडली-बिडली असेल का?

ताई, पडून असं क्वचित होतं. ४५ ते ५९ दिवसांत, कुत्री वरून निरोगी, नंतर बरेच दिवस स्राव, असं असेल तर ब्रुसेला कॅनिसची टेस्ट आधी करून घ्या. हर्पिस व्हायरस, योनीमार्गातले साधे जंतू, हार्मोनचा प्रॉब्लेम हेही असू शकतं. ब्रुसेला कॅनिस निघाला तर मी स्पष्टच सांगते, औषधाने तो पूर्ण जाईल याची खात्री देता येत नाही कारण तो पेशींच्या आत लपतो, त्या कुत्रीची पुन्हा पिल्लं घेऊ नका, नसबंदी करा, आणि ज्या कुत्र्याशी क्रॉस केलं त्याच्या मालकाला फोन करून कळवा. हा फोन लोक टाळतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळख काढून क्रॉस करायची पद्धत आता सगळ्या कॉम्प्लेक्समध्ये आहे आणि त्यात टेस्टचा रिपोर्ट कोणी मागत नाही, लसीकरणाचं कार्ड बघतात आणि झालं.

आणि या वयाची पिल्लं जिवंत आली असती तरी जगणं कठीण होतं, कारण कुत्र्यात सर्फॅक्टंट अगदी शेवटच्या काही दिवसांत येतं. म्हणून सिझेरियनची तारीख सुद्धा मुहूर्त बघून पुढे-मागे करायची नसते, प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं हार्मोन रक्तात किती आहे ते बघून ठरवायची असते. ते उतरलेलं नसताना चार दिवस आधी काढलेली पिल्लं दिसायला गुटगुटीत असतात आणि रात्रीत जातात.

अँटिबायोटिक लगेच दिलं तर पिल्लाचं फुफ्फुस वाचेल ना?

कधी कधी पिल्लू वाचतं. घोडीत वारेची सूज सोनोग्राफीवर लवकर पकडली तर अँटिबायोटिक, सूज उतरवणारं औषध आणि गर्भ टिकवणारं हार्मोन असं एकत्र देऊन पूर्ण दिवस भरलेली शिंगरं मिळालेली आहेत. पण वर म्हटलं तसं, फुफ्फुसाला बिघडवायला जिवंत जंतू लागतच नाही, त्याच्या भिंतीचे तुकडे पुरतात. औषधाने जंतू मेला तरी तुकडे गर्भजलात फिरत असतात आणि सूज चालू राहू शकते. शिवाय प्रत्येक औषध वारेतून पलीकडे पुरेसं जात नाही.

आणि प्लीज, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका. टेट्रासायक्लिन गटाची औषधं पिल्लाच्या वाढत्या हाडांत आणि दातांत बसतात, एन्रोफ्लॉक्सासिन वाढत्या पिल्लांच्या सांध्यातल्या कूर्चेला त्रासदायक आहे, जेंटामायसिनसारखी कानाला आणि मूत्रपिंडाला. ताप उतरवायला म्हणून मेलोक्सिकॅम गाभण कुत्रीला देणं हेही चुकीचं. गाभणपणात चालणारी औषधं आहेत, पण ती कोणती, किती दिवस, हे जनावर बघून ठरतं.

बायकांना फुफ्फुसं पिकायला स्टेरॉइड देतात, मग आमच्या म्हशीला का देत नाही?

दादा, कारण शेवटच्या महिन्यांत डेक्सामेथासोन दिलं तर ती विऊन जाईल. लिगिन्स यांची कोकरं लवकर जन्मली ती त्याच औषधाने. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांच्यात विण्याचा निरोप स्टेरॉइडनेच जातो, माणसात तो मार्ग तसा नाही, म्हणून बाईला देता येतं आणि म्हशीला नाही. पाय सुजला, ॲलर्जी आली म्हणून कोणीतरी इंजेक्शन टोचतं आणि दोन दिवसांत म्हैस कच्चं रेडकू टाकते, मग सगळे म्हणतात नजर लागली. इंजेक्शन देणाऱ्याला जनावर गाभण आहे, कितवा महिना आहे, हे विचारायच्या आधी सांगा. जाणूनबुजून वीण लवकर करायची वेळ येते कधी, जसं आईचाच जीव धोक्यात असेल तेव्हा, पण तो निर्णय डॉक्टरचा.

पिल्लू पडलं. आता पुढे काय करू? फेकून दिलं तर चालेल का?

फेकू नका, खाडीत तर अजिबात नाही, आणि कुत्र्यांना ओढून नेऊ देऊ नका. आधी ग्लोव्हज घाला. शक्य असेल तर अख्खं पिल्लू आणि वारेचा तुकडा दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत, बर्फाच्या पॅकबरोबर थर्माकोलच्या डब्यात, त्याच दिवशी लॅबला. फ्रीझरमध्ये टाकू नका, गोठलं की पेशी फुटतात आणि मायक्रोस्कोपखाली काही वाचता येत नाही. लॅबमध्ये फुफ्फुस, यकृत आणि पोटातलं पाणी घेतात. पोटातलं पाणी का, तर पिल्लाने गिळलेलं गर्भजल तिथे बंदिस्त राहतं, बाहेरची घाण लागलेली नसते. फुफ्फुसाचा तुकडा पाण्यात टाकून पण बघतात, बुडाला तर त्याने श्वास घेतलेला नव्हता असं समजतात, म्हणजे पोटातच गेलं की जन्मून गेलं याचा अंदाज येतो, अर्थात न्यूमोनियाने भरलेलं फुफ्फुसही बुडतं म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबत नाहीत. आईचं रक्त पण द्या, ब्रुसेलासाठी रोझ बेंगाल टेस्ट स्वस्त आणि पटकन होते.

परळचं मुंबई व्हेटरनरी कॉलेज, १८८६ पासून चालू असलेलं, आपल्याला लोकलने गाठता येतं हे ठाणेकरांचं नशीब आहे. पुण्यात औंधला राज्याची रोग अन्वेषण लॅब आहे. गावाकडे, शहापूर-मुरबाडला असाल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा किंवा १९६२ वर फोन करा. सॅम्पल पाठवून झालं की उरलेलं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, जागा जंतुनाशकाने धुवा, आणि ते जनावर बाकीच्यांपासून वेगळं बांधा.

एक गाभडणं समजू शकतो, पण टेस्ट न करता दुसऱ्याची वाट बघणं मला खरंच पटत नाही. पहिल्या पिल्लाचं फुफ्फुस तुम्हाला पुढच्या दहा जनावरांचं उत्तर देऊ शकतं.

पिल्लू जिवंत आहे पण नीट श्वास घेत नाही. डॉक्टर येईपर्यंत काय करू?

नाक-तोंड पुसून मोकळं करा. रेडकू-वासराला छातीवर बसवा, पुढचे पाय सरळ, मागचे दोन्ही पाय पुढे ओढून दोन्ही बाजूंना, म्हणजे दोन्ही फुफ्फुसं उघडतात. उलटं टांगून ठेवू नका, आतडी छाती-पोटामधल्या पडद्यावर दाबतात आणि जे पाणी गळताना दिसतं ते बरंचसं पोटातलं असतं. नाकपुडीत गवताची काडी फिरवा, कानात थंड पाणी, कोरड्या कपड्याने जोरात चोळा. कुत्र्याच्या पिल्लाला हातात धरून झोका देऊन पाणी काढायची जुनी पद्धत आहे ती बंद करा, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. टॉवेलने चोळा, ऊब द्या. थंड पडलेलं पिल्लू नीट श्वास घेत नाही, आधी गरम करा मग दूध.

चीक, म्हणजे विल्यानंतरचं पहिलं दूध, पहिल्या दोन तासांत गेला तर उत्तम, सहा तासांच्या पुढे नको, वजनाच्या साधारण दहा टक्के. इन्फेक्शनमधून आलेल्या पिल्लाला तर जास्तच गरज, रेडकू-वासराकडे तर पोटात असताना आईकडून एकही अँटिबॉडी आलेली नसते. श्वास वेगात, फासळ्या आत ओढल्या जातायत, जीभ निळी असेल तर पाजू नका, श्वासनळीत जाईल, ऑक्सिजन लागेल. बाळांना देतात ते सर्फॅक्टंट गाईच्या किंवा डुकराच्या फुफ्फुसातूनच काढलेलं असतं, जपानच्या फुजिवारा यांनी १९८० मध्ये ते पहिल्यांदा बाळांवर यशस्वी करून दाखवलं, पण वासरा-पिल्लांसाठी रोजच्या प्रॅक्टिसमध्ये ते परवडत नाही. मला याचं वाईट वाटतं.

अशी वाचलेली पिल्लं पुढे नॉर्मल होतात का?

बरीच होतात. वायुकोश जन्मानंतरही काही काळ वाढतात, विशेषतः कुत्र्या-मांजरांत. पण पहिले काही महिने न्यूमोनिया पटकन पकडतात, म्हणून गर्दीच्या, अमोनियाचा वास मारणाऱ्या गोठ्यात ठेवू नका. जमिनीपासून तोंड वीतभर उंचीवर धरून वास घेऊन बघा, तुमचे डोळे चुरचुरले तर त्या रेडकाचं काय होत असेल. मेंढ्यांत अजून एक दिसलंय, जन्माआधी वारंवार एंडोटॉक्सिन लागलेल्या कोकरांच्या प्रतिकारपेशी पुढे त्याच गोष्टीला मंद प्रतिसाद देतात. म्हणजे नुकसान फक्त फुफ्फुसाच्या बांधणीचं नाही.

घरात सून गरोदर आहे. गाभडलेल्या शेळीजवळ गेली तर?

जाऊ देऊ नका. क्लॅमिडिया ॲबॉर्टस, कॉक्सिएला, लिस्टेरिया, ब्रुसेला हे चारही माणसाला होतात आणि गरोदरपणात जास्त धोक्याचे. शेळी विताना मदत करणं, वार उचलणं, त्या दिवशीचे घरच्यांचे कपडे धुणं, यातलं काही तिच्याकडे नको. दूध उकळूनच. ताप येत-जात राहिला, सांधे दुखले, तर आपल्या डॉक्टरला घरी जनावर गाभडल्याचं आवर्जून सांगा, न सांगता ते ब्रुसेलाचा विचार करतीलच असं नाही.

लस काय काय आहे?

ब्रुसेलाची लस फक्त मादी वासरं-पारड्यांना, ४ ते ८ महिन्यांच्या वयात, एकदाच. २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती सरकारकडून फुकट मिळते, कानात बारा आकडी बिल्ला असायला हवा. गाभण जनावराला ही लस द्यायची नाही, तिच्यातला जंतू जिवंत असतो आणि त्यानेच गाभडू शकतं. नरांनाही नाही. टोचणाऱ्याने सुई स्वतःला लागू देऊ नये, लागली तर लगेच माणसांच्या डॉक्टरकडे जायचं.

कुत्र्यांना लेप्टोची लस नेहमीच्या एकत्र लसीत असते, दरवर्षी द्यावी लागते, आणि आपल्याकडे ती पावसाआधी, मे महिन्यात देऊन घ्या. ब्रुसेला कॅनिसला लस नाही, तिथे क्रॉसआधीची टेस्ट एवढंच हातात आहे. तबेल्यात लेप्टोसाठी उंदीर कमी करणं, पेंड झाकून ठेवणं आणि म्हशी उभ्या राहतात तिथलं पाणी वाहतं करणं, हे जूनच्या आधी उरकायचं काम आहे.